कोऱ्या प्लेटवरच्या रेघा

भूतबित मी मानत नाही, आजही नाही. दिवसभर जंतूंकडे बघणाऱ्या बाईला तेवढीच कटकट पुरते... पण हे कुठंतरी लिहून टाकायचंय.

मी संभाजीनगरला, सिडकोतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. आमच्या काळे मॅडम उन्हाळ्यात वारल्या. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, म्हणून दोघींचं काम मी एकटी ओढते. पेशंटच्या नमुन्यात लूप, म्हणजे तारेचं बारीक कडं, बुडवायचा, प्लेटमधल्या अगारवर, जंतू वाढवायच्या जेलीवर, त्यानं रेघा ओढायच्या, प्लेट उबेला इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. सोबत एक प्लेट कोरी ठेवतो, तिला लूप लावायचाच नाही. तिच्यावर काही उगवलं तर अगारच खराब, सगळे रिपोर्ट रद्द.

त्या आठवड्यात कोरी प्लेट दोनदा उगवली. लॅबच्या मालकांनी, आमच्या सरांनी, लांबूनच बघून ती फेकायला लावली. अगार फरझाना बनवते, प्रेशरच्या वाफेत ठेवून त्यातले जंतू मारते. फुलंब्रीहून येते, नवऱ्याचं काम सुटलंय, घर तिच्यावर चालतं. "परत झालं तर तिला येऊ नको म्हणून सांगा," सर मला म्हणाले. म्हणजे वाईटपणाही माझ्याच गळ्यात.

शुक्रवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला... कोरी प्लेट परत उगवलेली! फरझाना शेजारीच उभी.

"ताई, अल्ला कसम, मी टाइम पूर्ण दिला, प्रेशर बघितलं. काय चुकलं ते सांगा तरी."

मलाच रडू यायला लागलं. प्लेट उजेडात धरली आणि नीट बघितली.

अगार खराब असला तर ठिपके कुठंही येतात. इथं रेघा होत्या, आणि रेघांमधला अगार लख्ख! कुणीतरी लूप फिरवला होता — तोही उलट्या बाजूनं, शेवटी हुकासारखा बारीकसा आकडा काढून. रेघांचं वळण अक्षरासारखं असतं, बघताच माणूस ओळखू येतं. लॅबमध्ये डावखुऱ्या फक्त काळे मॅडम होत्या. झाकणाला टेप मीच लावली होती, ती तशीच होती.

प्लेट सरांच्या हातात दिली. तेही मॅडमकडेच शिकलेले. त्यांनी रेघांच्या शेवटचा आकडा भिंगाखाली धरला. "अगार चांगलाय. फरझानाला राहू द्या," एवढंच म्हणाले आणि केबिनचं दार लावून घेतलं.

फरझाना मात्र घाबरली नाही. "दमलेलं माणूस हातानंच काम करतंय ताई, डोक्यानं नाय. कोरी हाय हे मॅडमला दिसलंच नसंल."

ती प्लेट कशी उगवली, मला अजूनही सांगता येत नाही. शोधायचं त्राणही नाही. एवढंच वाटतं — मेल्यावर तरी त्या बाईला सुट्टी मिळायला हवी होती.