झाकलेलं पोट

दोडामार्गच्या सरलेला दिवसभर बोलायला माणूस नव्हतं. नवरा आणि मुलगा मिहीर सकाळीच गोव्याला कामाला जात, ते दिवेलागणीला परत. मागे उरायची काजूची बाग आणि चंपी, सोनेरी लॅब्राडोर कुत्री. सरला तिच्याशी सासूच्या कागाळ्यासुद्धा करायची. सासू कधीच वारली होती, पण कागाळ्या ताज्या होत्या.

चंपीचं आता वय झालं होतं. तिच्या पोटची एक तरी पोर मागे राहावी, एवढंच सरलेच्या मनात. पण शेजारच्या शंकरच्या बागेतला तिचा जोडीदार वाघाने उचलला. गळ्यातला पट्टा तेवढा कुंपणाशी सापडला. म्हणून चंपी माजावर आली तशी सरला तिला घेऊन मिहीरबरोबर जनावरांच्या डॉक्टर दिव्याकडे गेली.

दिव्याने तीन वाटा सांगितल्या. कुत्रा जवळपास असेल तर त्याचं वीर्य काढून लगेच नळीने आत सोडायचं. ते आत बरेच दिवस तगतं. लांबचा असेल तर बर्फाच्या डब्यातून मागवायचं. ते एक-दोन दिवसांत वापरायला हवं. तिसरं गोठवलेलं. टाकीत ते वर्षानुवर्षं राहतं, पण वितळलं की काही तासच टिकतं. म्हणून रक्त तपासून नेमका दिवस धरायचा आणि दुर्बिणीने, नाहीतर पोट उघडून, थेट गर्भाशयात ठेवायचं. दुर्बीण इथे नव्हती.

कुत्रीला दिवस जायला तीन तऱ्हा! सरलेला स्वतःला सांगून आलं होतं ते एकच स्थळ.

"आई, गोठवलेलाच घेवया," मिहीर म्हणाला. "परदेशातल्या चॅम्पियनचा आसा."

"आणि माजी चंपी कापूची? आधी तुका कापतंय!"

दिव्या हसली. "काकी बरोबर बोलतात. या वयात उगाच भूल नको."

बेळगावहून बर्फाचा डबा आला, नळीने काम झालं. निघताना दिव्याने बजावलं, "महिन्याने सोनोग्राफीला आणा. मधे काही वेगळं वाटलं तर लगेच. या वयात माजानंतर गर्भाशय बिघडू शकतं."

सरलेने मान डोलावली. पण तिच्या माहेरी, मसुऱ्यात, पोटुशी बाई पोट दाखवत फिरत नसे. नजर लागते. तिची पहिली खेप वाया गेली ती गावभर सांगत सुटल्यामुळे, असं सासू मरेपर्यंत म्हणत होती. सरलेने पडवीत गोणपाट बांधलं आणि चंपीला त्याच्या आड ठेवलं.

महिना उलटला. पोट चांगलंच वाढलं. चंपीने जेवण सोडलं, नुसती पाण्याच्या घमेल्याशी पडून राहायची. कावळा येऊन तिच्या ताटलीतला भात ओढून नेई. ती मान उचलत नसे.

"आई, डॉक्टराक दाखवया गो एकदा," मिहीर म्हणाला.

"डोहाळे लागले तिका. तुज्या वेळाक माकाय पाण्याशिवाय काय जाय नाय. दवाखान्यात सतरा माणसां, कोणाची नजर कशी काय सांगतलंस?"

शेजारची नर्मदा कुंपणावरून ओरडली, "सरले, तुजी चंपी खंय गो? लेकीसारखी कोंडून घातलंस!"

"उन्हाचा तिका सोसणा नाय!" सरलेने गोणपाट आणखी ओढून घेतलं. आत वाकून पाहिलं तर चंपीची थानं कोरडी होती, भरायचं नाव नाही. ते तिने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. वेळ आसा अजून, ती मनाशी म्हणाली.

मग एका सकाळी चंपी उठलीच नाही. हिरड्या पांढऱ्याफटक, पोट दगडासारखं. घरात पुरुष माणूस नाही. सरलेने रिक्षा बोलावली. तिने आणि रिक्षावाल्याने मिळून चंपीला कशीबशी आत ठेवली.

दिव्याने पोटावर यंत्र फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. "पिल्लं नाहीत, काकी. गर्भाशयात पू भरलाय. फुटलंय."

पोट शेवटी उघडावंच लागलं. बाहेर बाकावर बसून सरला भराडीदेवीला नवस बोलत राहिली. दार उघडलं तेव्हा दिव्याने हातमोजे काढले होते.

"डॉक्टरीणबाई," सरलेने विचारलं, "ता गोठवलेलां घेतलां असतां तर?"

"पद्धतीत काही चुकलं नव्हतं, काकी. महिन्याने आणली असती तर पिशवी काढून जिवंत घरी पाठवली असती."

रिक्षावाला हात द्यायला पुढे झाला, त्याला सरलेने मानेनेच नको म्हटलं. सकाळी दोघांना जेमतेम पेललेली चंपी तिने एकटीने उचलली.