बोलणाऱ्यांचे फोटो

बारामतीत रोल धुऊन देणारा बहुतेक मीच उरलोय, आणि रोल आणणारे शेळगावचे एक गृहस्थ तेवढे. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. ऊन किती आहे ते तळहातावर घेऊन बघतात, अंतर पावलांनी मोजतात आणि समोरच्याला म्हणतात, "बोलत ऱ्हावा." आवाज येईल तिकडं कॅमेरा धरतात. त्यामुळं त्यांच्या फोटोंत शेळगावची झाडून सगळी माणसं तोंड उघडं टाकून उभी असतात.

कुठल्या फोटोत काय आलंय ते मी वाचून दाखवल्यासारखं सांगायचं, अशी पद्धत. एकदा एका फोटोत नुसतीच भिंत होती.

"ही आमची थोरली बहीण," ते म्हणाले. "कशी आलीय?"

बाई लाजून गप्प बसली असणार. मी म्हणालो, "झकास."

पुढच्या खेपेला त्यांनी दुकानातच कॅमेरा माझ्यावर धरला.

"बोला."

"काय बोलू?"

"बहीण म्हनली, फोटोत निस्ती भिंत हाय. तुमी झकास म्हनला व्हता. त्येवर बोला कायतरी."

मी आवाज न करता बाजूला सरकलो. त्यांनी बटण दाबलं.

तो रोल धुतला त्या दिवशी ते काठी गुडघ्याला टेकवून बाकावर बसले होते.

"तुमचा कसा आलाय?"

"मी नाहीच त्यात," मी म्हणालो. "मागचं कॅलेंडर आलंय."

त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला.

"आता बोललासा," ते म्हणाले. "हलू नका."