डेलियाचं बेणं

डेलिया कनीली तशी हाताची सढळ, पण बटाट्यांच्या बाबतीत पक्की चिक्कू. शेजारचा फेस्टी आला की निळसर सालीचे उकडलेले बटाटे लोणी घालून पोटभर वाढायची. कच्चा मात्र एकही द्यायची नाही. बेणं तिच्या आईचं होतं. आयर्लंडमधल्या कॉनेमाराच्या या किनाऱ्यावर ते दुसऱ्या कुणाकडेच उरलं नव्हतं. कच्च्या सालीवरचा डोळा उचलून कुणी लावेल म्हणून ही बया साली चुलीत घालायची!

त्या जुलैत रेडिओवर बटाट्यावरच्या करपा रोगाचा इशारा आला. हवा उबदार, दमट, आणि धुकं हलायला तयार नाही. मोरचुदाची फवारणी पावसानं धुऊन नेली होती. डेलिया सारखी वाफ्यात जाऊन पानं उलटून बघायची. एका सकाळी पानावर काळपट डाग दिसला, खालून पांढरी बुरशी.

"पाला काप, डेले," फेस्टी कुंपणापलीकडून म्हणाला. "रोग खाली उतरला तर बेणंही जाईल."

"अरे, बटाटे गोटीएवढे आहेत अजून!"

"गोट्या तरी राहतील. आणि लगेच खणू नकोस, बाई. वरचा रोग मरू दे आधी."

तिनं रडत रडत पाला कापला, जाळला. मग नुसते बोडके वरंबे. मातीखाली काय चाललंय ते दिसेना, आणि तिची झोप उडाली. वारा आला की सडका वास आल्यासारखं वाटायचं. वरंब्यावर ओणवी होऊन ती माती हुंगायची.

शेवटी फेस्टीनं हो म्हटल्यावर तिनं फावडं घातलं. पहिल्या झाडाखाली काळा, घाण वासाचा लगदा. दुसऱ्याखाली तेच. मग फावडं फेस्टीनं घेतलं. टोकाला, जिथं माती उंच चढवली होती तिथं, थोडेसे टणक बटाटे निघाले. डेलियानं एकेक पुसला, नखानं खरवडला, हुंगला. मग अर्धे उचलून फेस्टीच्या कोटाच्या खिशात कोंबले.

"हे काय गं?"

"तुझ्याकडं लाव. एका जागी ठेवायची आता छाती नाही माझी."

फेस्टीचा चेहरा उतरला. "आणि माझ्याकडं करपा आला तर? तुझ्या आईचं बेणं माझ्या हातून गेलं तर? मला झोप नाही लागायची, डेले."

"मला तरी कुठं लागते?" डेलिया म्हणाली.