उत्तमचे पन्नास किलो

दीड महिना झाला. दुपारी जेवून पडलो होतो, तर उत्तमच्या मुलाचा फोन आला. "काका, आबा गेले..." एवढंच बोलला पोरगा. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा आडवा झालो, बघा! झोपेत कुठेतरी कापसाच्या जिनिंगची मशीन धडधडत होती. जाग आल्यावर कळलं की उत्तम गेला. मग मात्र हमसून हमसून रडलो.

आम्ही दोघे अकोल्याकडच्या मालेगावचे, एका आळीतले. एकाहत्तरची लढाई नुकती संपली होती आणि फौजेत जायचं, याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं. तांत्रिक शाखेत घेताना यंत्रांचे प्रश्न विचारतात, असं ऐकलं होतं... कप्पी, तरफ, दातेरी चाकं. माझ्याकडे एक जुनं पुस्तक होतं आणि उत्तमकडे अख्खं जिनिंग! तिथे तो फिटरच्या हाताखाली होता. सुटीच्या दिवशी मशीन बंद असली की आम्ही आत जाऊन बसायचो. पत्र्याच्या भोकांतून कवडसे उतरायचे, त्यांत कापसाचे तंतू तरंगत राहायचे... हळूहळू केसांवर, भुवयांवर, पुस्तकावर येऊन बसायचे. "सदा, बरफ असाच पडत असन काय बे?" उत्तम विचारायचा, आणि बसल्या जागी आम्ही दोघे हिमालयात! मी चित्र दाखवायचो, तो खरं चाक फिरवून दाखवायचा. "दात एकमेकांत अडकले का दोघं उलटे फिरतेत. सख्खे भाऊबंदच समज!" खाली-वर होणाऱ्या कप्पीचं कोडं मात्र मला सुटेना. त्याने दोरीचं एक टोक आढ्याला बांधलं, कप्पी ओझ्याला अडकवली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "आर्धं वझं आढं धरते, आर्धं तू धर. आलं ध्यानात?" आलं. ते आजतागायत ध्यानातून गेलं नाही.

भरतीला अकोल्याला गेलो. साहेब चित्र दाखवून एकेकाला हिंदीत विचारत होते. उत्तम पुढे, मी त्याच्या मागे. चित्रात तीच कप्पी, खाली ऐंशी किलोचं ओझं. उचलायला किती जोर लागेल? पुस्तकातलं उत्तर चाळीस. आमचा उत्तम म्हणाला, "साहब, पहले ये बताओ, कप्पी को तेल दिया है क्या?" रांगेत हशा पिकला. साहेब म्हणाले, एकच उत्तर दे. आता तरी याने मुकाट्याने चाळीस म्हणावं की नाही? पण त्या जिनिंगमधल्या कप्पीने तेल कधी पाहिलंच नव्हतं, आणि दोरी ओढून ओढून याच्या हाताला घट्टे पडलेले. "पचास," तो म्हणाला. साहेबांनी काट मारली आणि मला पुढे बोलावलं. उत्तमचं खरं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, ती कोरडी कप्पी मीही ओढली होती. पण तोंडातून निघालं "चालीस". मला घेतलं. परतीच्या एसटीत उत्तमने माझ्या पाठीवर थाप मारली, "जितला लेका!" मग मालेगाव येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला.

फौजेत पहिल्याच महिन्यात उस्तादांनी शिकवलं की पुस्तकातला जोर आणि हाताला लागणारा जोर कधीच सारखा नसतो, मधलं घर्षण खातं. माझे कान तापले. 'उत्तम, तुझं बरोबर होतं,' असं पत्र लिहिलं, पण पाठवलं नाही. पाठवलं असतं तर 'मग तेव्हा मूग गिळून का बसलास?' हे आलंच असतं ना! सुटीवर आलो की त्याच्या ओसरीवर तासन्‌तास गप्पा व्हायच्या. खऱ्या बर्फाच्या गोष्टी तो डोळे मिटून ऐकायचा... तेवढं एक वाक्य सोडून मी सगळं बोललो. पुढच्या खेपेला बोलू, पुढच्या खेपेला बोलू, असं म्हणत जन्म गेला. लाज वाटते सांगायला.

उत्तमच्या मागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेलो. माणसं पांगल्यावर ओसरीवर वहिनींना गाठलं आणि एकदाचं बोलून टाकलं, "वहिनी, भरतीत उत्तमचंच उत्तर बरोबर होतं. मला तेव्हाच ठाऊक होतं."

वहिनींनी पदर सारखा केला. "त्यायचं बरोबर हाये, हे त्यायले मालूमच होतं, भाऊ. तुमाले मालूम हाये का नाई, येवढंच इचारत मले. तुमी सुटीवर आले का इथं दोन खाटा टाकत, अन् म्हनत, आज सांगन सदा."

त्यातल्याच एका खाटेवर मी बसलो होतो. दुसऱ्या खाटेकडे बघायची हिंमत झाली नाही.