कुंपणापलीकडची नोराल्बा

नोराल्बा एडिनबराला गेली त्याला दोन वर्षं झाली. नवे शेजारी सभ्य आहेत, पण कुंपणाशी कुणी घटकाभर थांबत नाही.

मी मँचेस्टरला मुलाकडे आलो तेव्हा माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं, तेही गावच्या शाळेतलं. ती कोलंबियाची, ऑफिसं साफ करायची. तिचं इंग्रजी माझ्याहून थोर. त्यामुळे आमचं छान जमलं! मी दिलेली मेथीची जुडी तिने एकदा चक्क फुलदाणीत ठेवली होती.

तिचा मुलगा एडिल्सन बावीस वर्षांचा. गांजा ओढायचा, कॉलेज सुटलं, खोलीत एकटाच बोलायचा. ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कोणाशी बोलतो?"

"वारलेल्या आजोबांशी," नोराल्बा म्हणाली. "आमच्यात सगळेच बोलतात."

खरंच होतं ते. वडिलांच्या फोटोपुढे कॉफी ठेवून तीही त्यांना दिवसभराचं सांगायची. बाई समजूतदार, त्यांनी ती घरची रीत मानली आणि कागदावर नुसता गांजा लिहिला. पोराला व्यसनमुक्तीला पाठवलं. तिकडे तो जाईना, आणि घरी जेवेना.

"गांजा सुटला की जेवेल, आबा," नोराल्बा कुंपणाशी मला म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, चहा ओतताना मीही आमच्या हिच्याशी बोलतो. जाऊन सोळा वर्षं झाली. जन्मभर मला बोलू दिलं नाही, आणि आता एका शब्दाने उत्तर देत नाही!"

नोराल्बा हसली नाही. "त्याला आजोबा देतात उत्तर. म्हणतात, खाऊ नकोस, आई विष घालते."

"गांजा ओढल्यावर?"

"नाही ओढला तरी. गेल्या वर्षी तो तीन महिने माझ्या बहिणीकडे होता, कोलंबियातल्या डोंगरात. तिथे तिच्या नजरेसमोर कुठला गांजा? तरी कानात कापूस घालून बसायचा. लाजेने मी कुणाला बोलले नाही."

"मग हेच सांग बाईंना, जसंच्या तसं."

"वेडा म्हणतील त्याला."

"म्हणू देत. उपाशी तर राहणार नाही!"

तिने सांगितलं. डॉक्टरबाईंनी बहिणीलाही फोन लावला, एडिल्सनला पुन्हा पुन्हा भेटल्या. दोन आजार निघाले, स्किझोफ्रेनिया आणि गांजाचं व्यसन. दोन्हींवर एकाच ठिकाणी उपचार सुरू झाले.

काही महिन्यांनी एका रविवारी तिने हाक मारली, "आबा, या, पण गुपचूप!" खिडकीतून पाहिलं. एडिल्सन आईने केलेलं सूप पीत होता. थांबत थांबत, पण पीत होता. मग त्याने वाडगा पुढे केला. आणखी हवं होतं.