कोडोलीचे पावणेआठ

आयुष्यात कुणालाच दहापैकी दहा मार्क न देणारा माणूस मी एकच पाहिला, ते म्हणजे माझे मामेसासरे. नऊच्या वर ते सहसा जात नसत. "नवाच्या म्होरं गेलं की वाजवणारा आळसतोय," असं त्यांचं म्हणणं होतं. संस्थानच्या पलटणीच्या बँडात त्यांनी बावीस वर्षं कॉर्नेट वाजवला. संस्थान विलीन झालं, पलटण गेली आणि मामा कसबा बावड्याच्या घरी येऊन बसले. पण त्यांचे कान काही निवृत्त झाले नाहीत. त्या कानांना काम हवं म्हणून ते दिसेल त्याला मार्क देत सुटले. मामी भाकरी थापायला बसल्या की चुलीपलीकडून आवाज यायचा, "ठोका आठ, सूर न्हाय." शेजारचे वकील कचेरीला निघाले की मामा त्यांना कट्ट्यावरून थांबवायचे, "वकीलसाहेब, डावा पाय उशिरा पडतोय तुमचा. घरात काय झालंय का?" आणि गंमत अशी की, बहुतेक वेळा घरात खरंच काहीतरी झालेलं असायचं.

माझी बायको त्यांची भाची, त्यांच्याच घरी वाढलेली. आमची वरात निघाली तेव्हा मी घोड्यावर होतो आणि पुढे जयसिंगपूरहून मागवलेला बँड होता. चौकात मामांनी एकाएकी दोन्ही हात वर केले आणि वरात थांबवली. मला वाटलं, कुणी भोवळ येऊन पडलं. मामा सरळ मोठा ढोल वाजवणाऱ्यापाशी गेले. "तू कुणाच्या लग्नात हायस? हेच्या का दुसऱ्याच्या? बाकीचे हितं, तू तिकडं मारुतीच्या देवळापाशी!" त्याला त्यांनी भर रस्त्यात ठोका शिकवायला घेतला. माझे वडील घड्याळ दाखवू लागले तर म्हणाले, "नवरदेव थांबंल, ठोका थांबत न्हाय." मुहूर्त कसाबसा गाठला. त्या दिवसापासून मामा मला 'पावणं' म्हणू लागले. माणसं जावयाला वर्षभर पाहुणा मानतात आणि मग नावाने हाक मारतात. मामांनी मला शेवटपर्यंत पावणंच ठेवलं.

पुढे शहरात शाळांच्या बँडच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि पंच म्हणून मामांना बोलावणं आलं. त्या दिवशी ते पहाटे उठून दाढी करत, जुना कोट घालत आणि खिशात कापसाचे दोन बोळे ठेवत. त्यांच्यासारखी तपासणीची रीत साऱ्या कोल्हापुरात कुणाची नव्हती. प्रत्येक बँड मैदानावरून दोनदा जायचा. पहिल्या फेरीला मामा डोळे घट्ट मिटून बसत आणि सूर व ठोक्याचे मार्क देत. "डोळं उघडं ठेवलं की भारी कपड्याचा बँड सुरात वाजतोय असं वाटतंय." दुसऱ्या फेरीला डोळे उघडत, पण कानात बोळे घालत आणि पाऊल व पोशाख बघत. "ढोल चांगला असला की वाकडं पाऊल पण सरळ दिसतंय." पोशाखही समोरून नाही, मागून बघायचे. पुढची बटणं सगळेच घासतात, खरा मास्तर मागच्या रांगेच्या पाठीवर कळतो, हा त्यांचा सिद्धांत होता. कानात बोळे असले की मामा मार्क सांगत ते पार मैदानापलीकडे ऐकू जात, त्यामुळे निकालाचं गुपित असं काही उरतच नसे.

त्यांनी सांगितलेले आकडे लिहायला ते मला शेजारी बसवत. मी ज्या शाळेत गणित शिकवत होतो तिचाही बँड स्पर्धेत असे. कुणी हरकत घेतली की मामा उसळत. "पावणं गणिताचं हायत. आकडा सांगितला की तोच लिवतील." मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. आता कुणी ते वाक्य काढलं की मी विषय बदलतो.

मामा पाव मार्कांचाही हिशेब धरत आणि त्यांच्या तोंडी 'पावणेआठ'चं 'पावणं आठ' व्हायचं. मला हाक मारून आठ सांगितले तरी तेच, आणि पाव कमी करून सांगितले तरी तेच! फरक एकच होता. हाक मारताना ते माझ्याकडे बघत, नुसता आकडा सांगताना समोर बघत. एवढ्या खुणेवर माझं सगळं लिहिणं चाललेलं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं.

त्या वर्षी कोडोलीकडची एक शाळा पहिल्यांदाच आली होती. पोरांच्या टोप्या तीन तऱ्हेच्या, पट्टे कुणाचे काळे, कुणाचे तांबडे. पण चालली अशी, की वळून उलटं येतानाही रांग दोरीसारखी राहिली. कानात बोळे घातलेले मामा पुढे वाकून नुसते पाय बघत राहिले आणि नजर न हलवता ओरडले, "पावणं आठ!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. पण त्या पावलांवरची नजर काढून ते कुणाकडेच बघणार नव्हते, हे मला दिसत होतं. मी विचारलं, "मामा, आठ की पावणेआठ?"

"व्हय की!" मामा म्हणाले.

आमच्या शाळेचा बँड आधीच होऊन गेला होता आणि आमची बेरीज माझ्या डोक्यात पक्की होती. त्यांच्या कानातला बोळा काढून विचारायला किती वेळ लागला असता? मी पावणेआठ लिहिले.

शेवटी कोडोली आणि आमची शाळा, दोघांची बेरीज सारखी झाली. बरोबरी झाली तर पोशाखाचे मार्क बघायचे असा नियम होता. आमच्या मुलांचे गणवेश त्याच वर्षी नवे शिवले होते. ढाल आमच्याकडे आली. निकाल ऐकून मामा माझ्याकडे वळले.

"कोडोली न्हाय?"

"नाही मामा."

"बेरीज बरोबर हाय न्हवं, पावणं?"

"बेरीज बरोबर आहे," मी म्हणालो. आणि बेरीज खरोखरच बरोबर होती.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा मामांनी नकार दिला. "मनात एक आकडा असतोय आन् तोंडातनं दुसराच जातोय. असल्या माणसानं पंच व्हायचं न्हाय." मामींच्या भाकरीला मार्क मिळेनासे झाले. रस्त्यावरून वरात निघाली की मामा आतल्या खोलीत जाऊन पडत. मला हे दिसत होतं. तरी सांगायला मला तीन वर्षं लागली.

एका रविवारी कट्ट्यावर बसून मी सगळं सांगितलं. खाली मान घालून शिव्यांची वाट बघत होतो. मामांनी मांडीवर अशी थाप मारली, की मामी बाहेर आल्या.

"म्हंजे कोडोली पयली की!" ते ओरडले. "अगं ऐकलंस का, मी चुकलो नव्हतो! आठच दिलतं मी, आठ!" त्या आनंदात मला रागवायचं राहूनच गेलं. मामींनी चहा केला. त्या चहाला साडेआठ मिळाले.

त्यानंतर आणखी तीन वर्षांनी मामा गेले. त्यांच्या बाराव्याला कोडोलीच्या त्या बँडचे मास्तर आले होते. मला म्हणाले, "तुमचं मामा दोन वर्षांमागं एसटीनं आमच्या शाळेत आलतं, ठावं हाय का? म्हणालं, 'मास्तर, तुमची पोरं पयली होती. माझ्या तोंडातनं आकडा घसरला. लिवणाऱ्याचा दोष न्हाय.' एवढ्या वयाचा माणूस स्वतःची चूक सांगायला असा येतोय व्हय कुठं?"

लिहिणारा मीच, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून पानं वाढल्याची हाक आली आणि मी मास्तरांना हात धरून जेवायला नेलं. जेवताना त्यांना दोनदा आग्रह केला.

मास्तर आता जयसिंगपूरला मुलाकडे असतात, असं कळलं. प्रकृती बरी आहे म्हणतात. तिकडची गाडी इथून दर तासाला असते.