हातांनी दिलेली तोंडी परीक्षा

मी चौथी नापास. तरी सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या त्या शेडमध्ये सहा जण मला मास्तर म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. नव्वद सालानंतरची गोष्ट. खानदेशातून, बीडकडून सुरतेला आलेल्या नवख्या माणसांना माग शिकवायचा आमचा वर्ग सरकारी मदतीवर चालायचा. शेडचं भाडं, शिकाऊंचा भत्ता, माझा पगार, सगळं तिकडून आपसूक यायचं. मग एका वर्षी नवा हुकूम आला. साहेब येऊन तोंडी परीक्षा घेणार. माणसं पास झाली तर मदत चालू, नाहीतर वर्ग बंद. म्हणजे मी परत कुठल्यातरी शेठच्या मागावर, आणि मास्तर म्हणणारं कोणी नाही.

मला काळजी नव्हती. माझी माणसं तयार होती.

साहेब आले. पोट चांगलं सुटलेलं, सोबत कारकून. त्यांनी सगळे माग बंद करायला लावले, टेबल मांडलं आणि बीडच्या गड्याला विचारलं, तार तुटला तर काय करशील? हा गडी सगळ्यांत हुशार. पण तो गप्प. हात मात्र हलत होते. दुसराही तसाच. तिसराही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही कारागीर हातांनी बोलतो. दोन बोटांची कात्री केली की तार, म्हणजे ताण्याचा धागा, तुटला. अंगठा फिरवला की कांडीवरचं सूत संपलं. पोटावरून हात फिरवला की शेठ आला. वर्षभर मी शिकवलं ते सगळं असंच. तोंडाने सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

साहेब वही मिटायला लागले. मी दारात आडवा उभा राहिलो.

"साहेब, ह्यांना तोंड वापरायला मी शिकवलंच नाही. माग चालू करा आणि मग विचारा."

नियमात तोंडी लिहिलंय, म्हणाले. मी म्हटलं, असू दे. आणि हललो नाही. शेवटी तेच कंटाळले.

ठरलं असं की पहिला माग थांबवून साहेब त्यात बिघाड करणार. बाकीचे माग चालू. बीडवाला तिथून हातांनी सांगणार आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला शिरपूरचा गडी ते कारकुनाच्या कानात ओरडणार. त्या टोकावरून बीडवाला दिसायचा, बिघडवलेला माग दिसायचा नाही. साहेबांनी तार तोडला, रिकामी कांडी बसवली, आडवं सूत नेणारा धोटा उलटा घातला. हळूहळू रंगात आले, बाह्या वर केल्या.

माग थांबले. साहेबांनी कारकुनाचा कागद मोठ्याने वाचला. "तार तुटला. कांडी रिकामी. धोटा उलटा. पोटवाला अजून दोन तार तोडतोय. आता दमला. त्याला चहा सांगा."

कारकुनाने इमानदारीत ऐकलं तसं लिहिलं होतं. साहेबांनी एकदा आपल्या पोटाकडे पाहिलं आणि मग असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"सगळं बरोबर आहे," म्हणाले. "चहा सांगा."

बाकी चौघांचीही अशीच परीक्षा झाली. सहाही पास. एक अट मात्र घातली, रोज एक तास माग बंद ठेवून तोंडाने शिकवायचं. घरी सांगितलं तर बायको अहिराणीत म्हणे, "घरमा इतली बडबड करतस, तठे काय तोंडले कुलूप लायेल शे का?"

दुसऱ्या दिवशी मी सहा जणांसमोर उभा राहिलो. शांत शेडमध्ये धोटा ह्या एका गोष्टीवर अर्धा तास बोललो. घाम फुटला. शेवटी बीडवाला म्हणाला, "मास्तर, हातांनी तुम्ही जास्त शहाणे वाटत होता."

सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. मग त्याला शेडमधले सगळे धोटे पुसायला लावले.